तिला डाय चालत नाही

एप्रिल लागला की माझा क्रम ठरलेला असतो. आधी बटाट्याचा कीस, कारण तो एका उन्हात वाळतो आणि करणाऱ्याला हुरूप येतो. मग साबुदाण्याच्या चिकवड्या. मग कुरडया, कारण त्यांचा गहू आधी भिजत घालावा लागतो. पापड सगळ्यांत शेवटी, कारण पापडाला माणसं लागतात. लग्न होऊन डोंबिवलीला आले त्या वर्षी हा क्रम शिकले आणि अजून मोडलेला नाही. माणसं मात्र संपली. गच्चीचा अर्धा भाग सोलरने खाल्ला, उरलेल्या भागाची किल्ली सेक्रेटरीकडे हात जोडून मागावी लागते, आणि पापड सगळ्यांकडे पाकिटातले येतात. मीही तेच आणते. यंदा नुसता कीस केला. सकाळी तो चादरीवर पसरत होते, तेवढ्यात खालच्या कुठल्यातरी घरात मिरच्या भाजायला घेतल्या आणि ठसका वर आला. डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीचंच होतं, मी रडूबाई नाही. पण त्या ठसक्याबरोबर एक जुना उन्हाळा असा काही पुढ्यात येऊन बसला की अर्धा कीस तसाच परातीत राहिला.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. आमची चार मजली इमारत तेव्हा नवी म्हणण्यासारखी होती, पाणी एक दिवसाआड यायचं आणि गच्ची सगळ्यांची होती. कुंदाताई माझ्या मोठ्या जाऊबाई, दादांची बायको. दादा म्हणजे माझे थोरले दीर; कळव्याच्या एका कारखान्यात होते. आमची दोन बिऱ्हाडं समोरासमोर. सासूबाई त्यांच्याकडे, स्वयंपाक दोन्हीकडे, वाळवण एकत्र. मी ठाण्याला कचेरीत नोकरीला, त्यामुळे माझ्या वाट्याला रविवार यायचे. कुंदाताईंच्या वाट्याला बाकी सगळे वार.

पापडाचं पीठ कुटावं तर त्यांनीच. उडदाचं पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवायचं, मग पाट्यावर घेऊन तेलाचा हात लावत बत्त्याने कुटत राहायचं. पीठ आधी दगडासारखं असतं, मग हट्टी होतं, मग एकदम शहाणं होतं. ते शहाणं कधी झालं हे मला आजही नीट कळत नाही. त्यांना न बघता कळायचं. बोटांनी दाबत जायच्या आणि म्हणायच्या, “इथे तेल पोचलं नाही अजून.” आणि खरंच तिथे एक घट्ट कण असायचा.

पहिल्या मजल्यावरच्या पाटीलकाकू मूळच्या इथल्या, आगरी. आमची इमारत उभी होती ती जागा कधीकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. त्या हातात लाटणं घेऊन बसल्या की तोंडही चालायचं. त्या रविवारी म्हणाल्या, “काय गो कुंदे, पीठ कुटतंस का नवऱ्याला?”

“नवरा कुठला एवढ्यात मऊ होतोय काकू? बत्ता मोडेल.”

सगळ्या हसल्या. कुंदाताईही हसल्या, आणि हसताहसता उठून मला म्हणाल्या, “संगीता, जरा इकडे ये गं.”

पाण्याच्या टाकीमागे सावली होती. तिथे नेऊन त्यांनी माझा हात धरला आणि ब्लाउजवरूनच छातीच्या एका बाजूला दाबून धरला. माझ्या बोटांना तेल लागलेलं, त्याचा डाग पडेल एवढंच मला पहिल्यांदा सुचलं.

“लागतंय काही?”

मला नक्की सांगता येईना. गाठ म्हणावी असं काही नव्हतं. थोडं भरीव होतं, बस.

“मला लागतंय,” त्या म्हणाल्या. “रोज पीठ मळणारी बाई आहे मी. कुठे भिजलं नाही ते मला कळतं.”

मी कामाला लागणारी बाई. सोमवारी रजा टाकली, ठाण्याच्या एका सर्जनची वेळ घेतली, कुंदाताईंना घेऊन गेले. सर्जननी हाताने तपासलं, मॅमोग्राफी करून आणायला सांगितली. फोटोत सगळंच पांढरं. सर्जन म्हणाले, काही बायकांचं अंग असं दाट असतं, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. मग सुई लावून पाहिली, तिच्यात काही आलं नाही. “म्हणजे काही नाही असं नाही,” ते म्हणाले. “मुंबईत एमआरआयचं मशीन आलंय. शिरेतून इंजेक्शन देतात आणि फोटो काढतात. जिथे रोग असतो तिथे ते औषध आधी धावतं, ती जागा उजळते. तेवढं करून या. मला शंका आहे.”

शंका आहे. हे दोन शब्द मी घरी जसेच्या तसे सांगितले. घराने मात्र त्याच्या आधीचा शब्द ऐकला, इंजेक्शन.

आता इथे दादांची गोष्ट सांगायला हवी. ती मी पाहिलेली नाही, पण मला तोंडपाठ आहे, कारण आमच्याकडे पाहुणा आला, चहा झाला की ती व्हायचीच. ऐंशीच्या दशकात, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, कुंदाताईंना मुतखड्याचा त्रास झाला. कल्याणच्या एका दवाखान्यात मूत्रपिंडाचा फोटो काढायला नेलं. फोटोत वाट दिसावी म्हणून शिरेतून औषध देत, त्याला सगळे डाय म्हणत. ते आत जायला आणि कुंदाताईंच्या अंगावर गांधी उठायला एकच गाठ पडली. ओठ सुजले, श्वास घुसमटला, डोळे फिरले. दादा ओरडत बाहेर धावले, डॉक्टरला अक्षरशः ओढून आणलं, उलट इंजेक्शनं झाली, बाई परत आली. “मी जर चहा प्यायला खाली गेलेलो असतो ना,” दादा म्हणायचे, आणि इथे थांबून ते खरोखरच चहाचा घोट घ्यायचे, “तर ही आज तुमच्यासमोर नसती.” कुंदाताई तोवर बशा उचलायला लागलेल्या असायच्या.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्या फाइलवर लाल शाईत ‘डाय देऊ नये’ असं लिहून टाकलं. त्या लाल शाईचं पुढे घरात देवघर झालं. डाय म्हणजे रंग, म्हणून होळीला त्यांना कुणी रंग लावायचा नाही. हळदीकुंकवाला मेंदी नाही. लाल सरबतसुद्धा सासूबाई त्यांच्या पुढून उचलून घ्यायच्या. “तिला डाय चालत नाही,” हे वाक्य आमच्या घरात आडनावासारखं वापरलं जायचं. कुंदाताई मला हळूच म्हणायच्या, “एक दिवस हे लोक मला पांढऱ्या भातावर ठेवतील बघ.” चेष्टा होती. पण एवढं कुणाला जपलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं, आणि नव्या सुनेला त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

सर्जनचा शब्द मोडायचा नाही म्हणून दादा शेवटी तयार झाले. कारखान्यातल्या मित्राची मारुती व्हॅन घेतली. पुढे मित्र आणि दादा, मागे कुंदाताई आणि मी. शीळफाटा, मुंब्रा, कळव्याचा पूल. पुलाखाली ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडलेल्या. कुंदाताई खिडकीतून बघत म्हणाल्या, “लवकर कळलं तर काढून टाकतात ना गं? आणि मग बाई जगते?”

“जगते,” मी म्हटलं. तसं सर्जननी सांगितलं होतं.

“मधुराची मुंज नाही, काही नाही, लग्नच तेवढं. तेवढं बघता आलं तरी झालं.” मधुरा त्यांची मुलगी, तेव्हा प्राथमिक शाळेत.

मुंबईच्या त्या ठिकाणी काउंटरवर एक तरुण मुलगी होती. नाव, वय, अंगात धातूचं काही आहे का, असं विचारत ती पुढे गेली. “आधी कधी डायचा त्रास?”

वकिलाने पुरावा काढावा तशी दादांनी फाइल काढली आणि लाल शाई तिच्यासमोर उलगडून धरली. मुलगी आत गेली. डॉक्टर बाहेर आले, घाईत.

“असं आहे होय? मग आज नको. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. त्रास होऊ नये म्हणून आदल्या दिवसापासून गोळ्या सुरू करायच्या आणि मग द्यायचं. होतं तसं.”

“आजच द्या ना गोळ्या,” कुंदाताई म्हणाल्या. “मी थांबते. उद्यापर्यंत थांबते.”

“तू गप्प बस,” दादा म्हणाले. “तुला काय आठवतंय त्या दिवशीचं? बेशुद्ध होतीस तू. मी पाहिलंय.”

मी विचारलं, “डॉक्टर, मुतखड्याच्या वेळी देतात ते औषध आणि हे, एकच का हो?”

डॉक्टर वळले होते, तेवढ्यात आतून त्यांना हाक आली. दादांनीच उत्तर दिलं. “डाय ते डाय. संगीता, यात तू पडू नकोस.” मग ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “तुम्ही असं करा, इंजेक्शन न देता नुसता फोटो काढा.”

“छातीचं त्याच्याशिवाय काही कळत नाही काका,” ती म्हणाली. “पैसे फुकट जातील तुमचे.”

परतताना माजिवड्याच्या नाक्यावर दादांनी गाडी थांबवायला लावली. रसवंतीचं पत्र्याचं छप्पर तापलेलं, चरकाचे घुंगरू वाजत होते, उसाच्या चिपाडांवर माशा. दादांनी आलं-लिंबू घालून सगळ्यांना रस सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावरून मोठं ओझं उतरलं होतं. “वाचलो रे बाबा,” ते मित्राला म्हणाले. “लालमध्ये लिहून ठेवलेलं म्हणून बरं. नाहीतर आज काय झालं असतं, विचार कर.”

कुंदाताईंनी ग्लास हातातच धरला होता. बर्फ विरघळून रस फिका झाला. “हो,” त्या म्हणाल्या. “गाठ वाचली.”

घुंगरांच्या आवाजात दादांना ते ऐकू गेलं नसावं.

चिठ्ठी आलीच नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, “त्या दिवशी घरी आणली तेव्हाची तिची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे. मॅमोग्राफीत काही नाही, सुईत काही नाही. कशाला विषाची परीक्षा?” चांगले गृहस्थ होते, रात्री-अपरात्री घरी येणारे. सासूबाई म्हणाल्या, “आहे ते बरं आहे ना? मग खाजवून खरूज कशाला काढायची?” माझा नवरा म्हणाला, “दादाची बायको आहे, दादा ठरवेल.” मी सर्जनकडे परत जाऊ म्हटलं, तर दादांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. कुंदाताईंना कुणी काही विचारलं नाही. त्या गच्चीवर होत्या, सांडगी मिरची भरत होत्या.

पुष्कळ वर्षं मी या सगळ्यावर शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला आहे. टेबल आवरावं तसा. एका बाजूला त्यांचं, एका बाजूला आमचं. दरवेळी एकाच जागी येऊन अडते. तिथे वाईट माणूस कुणीच नव्हता. सासूने छळलं, नवऱ्याने टाकलं, पैशाला कुणी मागे सरलं, असं काही असतं तर मला एखाद्या तोंडावर थुंकता तरी आलं असतं. इथे सगळ्यांना तिची काळजी होती. काळजीने भिंत बांधली आणि तिला आत ठेवलं. दादांचं तर मला हळूहळू कळत गेलं. त्यांच्या साध्या, कारखान्यातल्या आयुष्यात एकदाच त्यांच्या हातून काही थोर घडलं होतं, बायकोला मरणाच्या दारातून परत आणलं होतं. तसंच औषध तिला पुन्हा दिलं असतं आणि काही झालं नसतं, तर त्या थोरपणाचं काय उरलं असतं? ते असा विचार करत होते असं मी म्हणत नाही. माणूस असा विचार करत नाही. माणूस फक्त म्हणतो, डाय ते डाय.

दसऱ्याच्या सुमाराला मशीनची गरज उरली नाही. कातडी आत ओढली गेली, संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली. न्हाणीघरातून त्यांनी मला हाक मारली आणि पदर बाजूला केला. “आता तुलाही लागेल,” म्हणाल्या. मग सगळं धावपळीने झालं, ऑपरेशन, विजेचा शेक, सलाईन. तेव्हा दादा रजा टाकून दिवसदिवस दवाखान्यात बसले. बायकोचे केस गळले तेव्हा स्वतःही डोकं भादरून आले. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल?

पुढच्या उन्हाळ्यात त्या गच्चीवर आल्या, पण त्यांचा उजवा हात सुजून उशीसारखा झाला होता. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून दिली, काठी दिली, कावळे हाकलायचं काम. पाटीलकाकू म्हणाल्या, “कुंदे, तू नुसती बस. तुझ्या वाटचं मी लाटतंय.”

“लाटा. पण तुम्ही जाड लाटता काकू. माझ्या नावावर खपवू नका.”

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवून बसल्या. पीठ त्या वर्षी मी कुटलं. ते शहाणं झालंच नाही. पापड तळल्यावर मध्ये कच्चे लागत होते, आणि तरी सगळ्यांनी ते संपवले. आंबे संपायच्या आत कुंदाताई गेल्या. तेराव्याला आलेला प्रत्येकजण दादांचा हात धरून म्हणाला, “किती जपलंत हो तुम्ही तिला.” मी वाढत होते. माझ्या हातातल्या पातेल्यात वरण होतं म्हणून बरं, हात रिकामे असते तर काय केलं असतं सांगता येत नाही.

हे सगळं यंदाच वर यायला कारण मधुरा आहे. आता तिला तिची स्वतःची मुलगी आहे. मार्चअखेर तिला छातीत काही जाणवलं. आई तशी गेलेली, त्यामुळे डॉक्टरांनी सोनोग्राफीवर न थांबता एमआरआय करायला सांगितला. मधुराने पहिला प्रश्न विचारला, “इंजेक्शन द्यावं लागेल का? आमच्याकडे डाय चालत नाही.” आडनावासारखं वाक्य मुलीला वारशात मिळालं होतं.

तिथली डॉक्टर तरुण होती, समजावून सांगणारी. म्हणाली, आधी इंजेक्शनशिवाय बघू. आता अशा पद्धती सुधारत चालल्या आहेत. अंगात पाणी असतं, त्याचे कण सारखे हलत असतात. जिथे पेशींची दाटी झालेली असते तिथे पाण्याला हलायला जागा राहत नाही, ते अडतं. ते अडलेलं पाणी मशीन दाखवतं. बाहेरून काही घालावं लागत नाही. “पण हे अजून इंजेक्शनच्या बरोबरीला आलेलं नाही,” तीच पुढे म्हणाली. “बारीकसारीक सुटू शकतं. जराही शंका आली तर मी इंजेक्शन देणार. चालेल?”

कुठे अडलंय ते बघायचं. माझ्या डोळ्यांपुढे पाट्यावर फिरणारी बोटं आली. हे एवढंच बघायचं होतं तर.

मधुरा पालथी झोपून आत गेली. मी बाहेर तिची पर्स घेऊन बसले, मशीन आत ठोकाठोक करत होतं. नंतर डॉक्टर आली. काही नाही, साधी पाण्याची पिशवी आहे, सोनोग्राफीशी जुळतं. आता दर वर्षी तपासायचं. मधुरा रडायला लागली, मी तिला रुमाल दिला. डॉक्टर लिहीत होती. लिहितालिहिता तिने विचारलं, “आईंना कुठल्या तपासणीत त्रास झाला होता?”

“मुतखड्याच्या,” मी म्हटलं. “फोटोच्या आधी शिरेतून दिलं होतं ते.”

“ते आयोडीनचं औषध. एमआरआयचं वेगळं असतं.” तिने मान वर केली नाही. “सांभाळून दिलं असतं, पण दिलं असतं.”

काउंटरवर वाऱ्यावर सोडलेल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर असं आलं, पेन न थांबवता. कदाचित तेव्हा करूनही कुंदाताई गेल्या असत्या. मी व्यवहारी बाई आहे, हे मला कळतं. पण तो ‘कदाचित’ त्यांचा होता. तो त्यांच्या हातातून काढून घ्यायचा आम्हाला काय अधिकार होता?

घरी आलो तेव्हा दादा दारातच होते. आता थकलेत, एका कानाने कमी ऐकू येतं. मधुराने मोठ्याने सांगितलं, “बाबा, काही नाही. सगळं ठीक आहे.”

“आणि इंजेक्शन?”

“नाही दिलं. आता त्याच्याशिवाय बघतात.”

दादा खुर्चीत बसले. चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला माजिवड्याच्या नाक्यावरचा तो हलका झालेला माणूस दिसला. “बघ संगीता, इंजेक्शनशिवाय होतं की नाही? मी त्या दिवशी त्या पोरीला हेच सांगत होतो. नुसता फोटो काढा म्हणून. ऐकलं नाही तिने.”

“दादा, तेव्हा हे नव्हतं.”

“नव्हतं ना! मग आपण तरी काय करणार होतो?”

ते उत्तराची वाट बघत होते. तोऱ्यात नव्हते, हात पसरल्यासारखे बघत होते. मधुरा त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. डॉक्टरचं वाक्य तिनेही ऐकलं होतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “हो बाबा. काहीच करता आलं नसतं.”

आई तिची गेली होती. खोटं बोलायचा हक्कही तिचाच होता. मी आत जायला निघाले.

“तू का गं काही बोलत नाहीस?” दादांनी विचारलं.

“काय बोलू दादा,” मी म्हटलं. “मी तेव्हा विचारलं होतं.”